खानापूरच्या टायरवाल्या मामांना मनापासून थँक्यू

मामा नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही ते माहिताय, पण सूनबाई वाचून दाखवतील म्हणून इथंच लिहितेय, आणि बाकीच्यांनी पण वाचावं असं मनापासून वाटतंय, कारण तुम्ही आमच्यासाठी जेवढं केलंत ते दुकानातनं निघताना नुसतं "येते मामा" म्हणून संपणारं नाही.

भाऊ माझा बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर आहे, शिफ्ट सुटली की दोस्तांबरोबर बसून बसून त्यानं ती मिनीबाईक उभी केली, छोटं इंजिन, सहा इंची रिम, सगळं हातानं. तिला नंबर नाही त्यामुळं रस्त्यावर काढतच नाही, घरामागनं काजूच्या बागेपर्यंत आमच्याच जमिनीतनं वाट आहे तेवढीच. पण जांबोटी साईडचा पाऊस कसा असतो ते आपल्याकडच्यांना सांगायला नको, तांबडी माती भिजली की वरनं लोण्यासारखी होते आणि खाली जांभा दगड. टायर होते गुळगुळीत. मागं खताची पिशवी बांधली की चढावर चाक जाग्यावरच फिरायचं.

जो तो म्हणत होता मोठा बटन टायर, म्हणजे वर रबराचे उंच गठ्ठे असलेला, घाल, गाडी पण भारी दिसंल. तुमच्याकडं आलो तर तुम्ही टायर दाखवायच्या आधी विचारलात, "माती कसली हाय तुमची?" आणि मग म्हणालात, "यळ्ळूरकडं काळी माती, ती बटनात बसली की निघत न्हाई, तिथं बटनं उंच आणि एकमेकांपासनं लांब पायजेत, म्हणजे चाक फिरतंय तसा चिखल उडून जातोय. तुझ्याकडं पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड, उंच बटनं दगडावर वळवळतात आणि झिजतात, तुला मधलंच बरं." एवढं कुणीच सांगितलं नव्हतं ओ.

साईजचं पण तसंच. १४५/७०-६ म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के आणि रिम ६ इंची, सगळं मिळून उभा टायर साधारण १४ इंच, हे तुम्ही बिलाच्या मागं पेन्सिलनं मांडून दाखवलंत. भावाचं मन १५×६.००-६ वर होतं, तो १५ इंची. तुम्ही वाद नाही घातलात. खोक्याचा पुठ्ठा घेतलात, १५ इंचाचा गोल कापलात, त्या टायरएवढी रुंद पट्टी त्याला चिकटवलीत आणि मागचं चाक काढून तिथं धरून फिरवून दाखवलंत, एका बाजूला सरळ चेनला घासला, आणि चिखल बसल्यावर तर मडगार्डमधे जागाच उरली नसती. वर हे पण सांगितलंत की उंची सुमारे ७ टक्क्यानं वाढली की गिअर तेवढा जड पडतो, एवढ्याशा इंजिनाचा क्लच चढावर घसरून तापणार. मोठा टायर विकला असता तर तुम्हाला जास्तच पैसे मिळाले असते, तरी नको म्हणालात.

आणि बसवताना. आमचं रिम दोन भागांचं, मधे बोल्ट. भावानं पाना लावला आणि तुम्ही दुकानभर ऐकू जाईल असं ओरडलात, "हवा काढ आधी!" व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच बोल्टला हात, नाहीतर हवेच्या जोरानं रिमचे दोन तुकडे तोंडावर येतात. हे प्लीज सगळ्यांनी लक्षात ठेवा, लहान चाक आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. नवीन टायर तुम्ही उन्हात ठेवून मऊ केलात, आतनं पावडर मारलीत, ट्यूबमधे थोडी हवा भरून ती गोल करूनच आत बसवलीत, आणि रिमचे भाग जोडायच्या आधी बोटानं सगळीकडनं चाचपून बघितलंत कुठं ट्यूब चिमटली नाही ना. बोल्ट समोरासमोरचे आवळत गेलात. ट्यूब पण वाकड्या व्हॉल्वची शोधून दिलीत, एवढ्या लहान रिममधे सरळ व्हॉल्वला पंपाचं तोंडच लागत नाही. हवा भरून परत सोडून परत भरलीत, ट्यूबच्या घड्या मोकळ्या व्हायला. टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या वर हवा जाऊ द्यायची नाही हे दोनदा बजावलंत.

शेवटी टायर आणि रिम दोन्हीवरनं खडूची एक रेघ ओढलीत. हवा फार कमी ठेवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व फाटतो, रेघ तुटलेली दिसली की समजायचं हवा कमी आहे. किती साधं आणि किती उपयोगाचं! मधेच ट्रॅक्टरवाल्याशी कन्नडात, आमच्याशी मराठीत, कुणाला थांबवून ठेवलं नाही आणि आम्हाला घाई पण केली नाही.

मामा, आता बागेत खत मीच नेते. चढावर चाक पकडतं, पिशवी डोक्यावरनं न्यायला लागत नाही, आईचा पण त्रास वाचला. बसवायची मजुरी तुम्ही घेतलीच नाहीत ते मला पटलेलं नाही, पुढच्या खेपेला घ्यायची म्हणजे घ्यायची, आणि काजू सुकले की तुमच्या घरी पोचवणार, नाही म्हणू नका. तुम्ही सांगितल्याप्रमाणं थोडं चालवून बोल्ट परत आवळले, एकही सैल नव्हता, आणि रेघ अजून सरळच आहे.

तुमची,
काजूवाली पोरगी