चिठ्ठ्या गाळू नका साहेब

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी नवी मुंबईतल्या नेरूळचा. मागच्या रविवारी तुम्ही आमच्या नोडमध्ये जनसंवादाला आला होतात. प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते, त्यातून तुमची माणसं निवडणार, आणि निवडून निवडून पहिला प्रश्न काय तर "साहेब तुम्ही एवढं काम कसं काय करता". आमच्या बिल्डिंगमधले एक काका, सत्तरीच्या पुढचे, सबवेत पाणी भरतं म्हणून चार पावसाळ्यांचे फोटो प्रिंट काढून घेऊन आले होते, ते उभे राहिले तर दोन कार्यकर्त्यांनी हाताला धरून त्यांना चहाला नेलं. चहा बरा होता म्हणाले, ते सोडा.

कार्यक्रम सुरळीत झाला असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. पण नुकसान तुमचंच झालं, कारण शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यांनी "सबवे क्लिअर आहे" सांगितलं आणि ते खोटं पाडणारा एकमेव माणूस बाहेर बिस्कीट बुडवत होता.

यशवंतराव चव्हाण आठवा. 1956 ला द्विभाषिकाचे, म्हणजे मराठी-गुजराती एकत्र असलेल्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांना मराठी माणसांच्याच किती शिव्या खाव्या लागल्या, अत्रे तर "मराठा"तून सोलून काढायचे. 57 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात वेगळ्या मराठी राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धुतलं, ते स्वतः कराडमधून जेमतेम निवडून आले. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर आले तर समितीची प्रचंड निदर्शनं. आता हे सगळं "विरोधकांचं कारस्थान" म्हणून झटकता आलं असतं की नाही? पण चव्हाणांनी लोकांचा राग काय आहे ते ओळखलं, दिल्लीला पटवलं, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारे म्हणून नाव कोणाचं झालं ते तुम्हीच भाषणात सांगता. 62 ला काँग्रेसच्या 264 पैकी 215 जागा आल्या. विरोध झटकून बसले असते तर आल्या असत्या का, मला शंका आहे.

आणि लांब कशाला, आपल्याच इथे बघा ना. 1984 ला नवी मुंबईसाठी जमिनी गेलेले शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले, जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली. आधीच ऐकून घेतलं असतं तर ती पाच घरं… असो.

दरवेळी विरोधक बरोबरच असतो असं नाही, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला या एकदा, कळेल. पण चुकीच्या माणसाला चारचौघांत नीट उत्तर दिलं तरी वजन तुमचंच वाढतं ना.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी चिठ्ठ्या नकोत, माईक फिरू द्या. आणि जुलैत या, सबवेतूनच या. काका पाचव्या पावसाळ्याचे फोटो काढायला तिथेच उभे असतील.

तुमचाच एक मतदार,
नेरूळ