निरोप ज्याचा त्याला साजेसा हवा

महोदय,

दहन की दफन, आणि नेत्रदान करायचे का, हे माणूस हयात असतानाच विचारून लिहून ठेवावे. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. गडबडीत पंखा चालूच राहतो अन् बुबुळ सुकते, तेव्हा तो आधी बंद करा. पेसमेकर दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्या, उष्णतेने फुटतो.

पाहुण्यांच्या टेरिकॉटच्या शाली चितेवर वितळतात, काळा धूर होतो. एकच सुती चादर पुरे, तीही सोलापुरी असावी. रेकॉर्ड लावण्यापेक्षा गेलेल्या माणसाच्या आवडीचा अभंग किंवा बसवण्णांचे वचन घरच्यांनीच म्हणावे. सूर चुकला तरी चालेल. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) घ्या आणि २१ दिवसांत नोंद करा.

– एक वाचक, सोलापूर