पिल्लांच्या हंगामातच डोंगर पेटतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खारघरच्या डोंगरावर दर उन्हाळ्यात वणवे लागतात, फोटो येतात, दोन दिवस हळहळ होते आणि पाऊस पडला की विषय संपतो. झाडांबद्दल निदान कोणी बोलतं तरी, पण त्याच गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं काय होतं हे कोणीच विचारत नाही, म्हणून लिहितेय.

मुलगी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा गावाबाहेरच्या शेतात जूनमध्ये सकाळी रानटर्की बघायला मिळायच्या. दोन माद्या आणि दोघींची पिल्लं एकत्रच, नर कुठेच नाही, कारण अंडी उबवण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत सगळं मादीच करते. पिल्लं गवतापेक्षा बुटकी, त्यामुळे नुसतं गवत हलताना दिसायचं आणि मधूनच एखादं डोकं वर यायचं. एक मादी चरायची तेव्हा दुसरी मान ताठ करून उभी, आणि तिने आवाज दिला की सगळी पिल्लं जागच्या जागी बसायची, गवत हलायचं पण थांबायचं. मी अक्षरशः श्वास रोखून बघत राहायचे. जन्मल्यावर साधारण दोन आठवडे या पिल्लांना झाडावर जाता येत नाही, रात्री आईच्या पंखाखाली जमिनीवरच झोपतात, आणि सगळ्यात जास्त पिल्लं मरतात ती याच दिवसांत. लपायला गवत आणि खायला त्या गवतातले किडे, दोन्ही नसेल तर संपलंच.

आणि हे पक्षी तिथे नव्हतेच हो! जंगलतोड आणि शिकारीमुळे 1851 च्या सुमारास त्या राज्यातून टर्की नाहीशी झाली होती. आधी पाळीव वाढवलेले पक्षी सोडून बघितले, ते काही टिकले नाहीत, मग 1972-73 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडून आणलेले फक्त 37 रानटी पक्षी सोडले आणि आज ते जवळपास सगळ्या राज्यात दिसतात.

आपल्याला तर कुठून काही आणायचं पण नाहीये. खारघर, बेलापूरच्या डोंगरउतारांवर तितर आहेत, मोकळ्या प्लॉटवर टिटव्या आहेत. टिटवी चार खड्यांसारखी अंडी उघड्यावर घालते, पिल्लू अंड्यातून निघालं की थोड्याच वेळात चालायला लागतं पण उडता यायला महिना तरी जातो, तोपर्यंत त्याचं शस्त्र एकच, दबून बसणं. कुत्र्यासमोर ते कधी चालतं, आगीसमोर काय चालणार? आणि टिटवीची वीण मार्चपासून सुरू, तितराची पण ऐन उन्हाळ्यातच, म्हणजे बरोब्बर वणव्याच्या दिवसांत. जुनं गवत जाळलं की नवीन चांगलं फुटतं असं म्हणून आग लावतात, कोणी कडेला कचरा पेटवतो, कोणी पेटती सिगारेट टाकतो. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण ते सांगणारा एक बोर्ड मला तरी चढणीच्या वाटेवर दिसला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत आधीच काढून मोकळे ठेवलेले पट्टे, जानेवारी संपायच्या आत काढाव्यात, मार्चनंतर वणवा पेटल्यावर धावपळ करून काय उपयोग. डोंगराच्या पायथ्याशी कचरा जाळणाऱ्यांना दंड व्हावा. आणि मॉर्निंग वॉकवाल्यांना कळकळीची विनंती, मार्च ते ऑगस्ट कुत्र्याचा पट्टा सोडू नका, आणि टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर मोबाईल काढून अंडी शोधत बसू नका, आल्या वाटेने मागे फिरा. जाळरेषेच्या कामाला माणसं कमी पडत असतील तर आमच्या सोसायटीतले आम्ही बरेच जण रविवारी यायला तयार आहोत, फक्त कुठे आणि कधी यायचं ते संबंधितांनी आपल्या पेपरातून जाहीर करावं.

आपली,
एक नियमित वाचक, खारघर, नवी मुंबई