ऑनिक्सला भिजवले म्हणून वीज लागेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या किशोर पुरवणीत पोकेमॉनमधील (आपसात लढणारे काल्पनिक प्राणी; त्यांचे व्हिडिओ गेम आहेत आणि ॲनिमे मालिकाही) ‘सर्वांत ताकदवान दहा’ असा तक्ता आला आहे. उंची आणि वजन हे निकष धरून त्यात खडकांच्या अजगरासारख्या ऑनिक्सला वरच्या रांगेत बसवले आहे. विजेचा मारा करणाऱ्या छोट्या पिकाचूचे तर नावच नाही. खाली टीप आहे, की ॲनिमे मालिकेतल्या लढती गेमचे नियम पाळत नाहीत, म्हणून त्या जमेस धरलेल्या नाहीत. तक्ता आणि टीप, दोन्हींबद्दल मतभेद आहे. पुरवणी वाचणारी मुले हे आकडे तोंडपाठ करतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी तक्ता. ऑनिक्स ८.८ मीटर लांब आणि २१० किलो, पिकाचू ४० सेंटिमीटर आणि ६ किलो, हे बरोबर आहे. पण गेममध्ये मारताना ही मापे जवळजवळ कुठेच येत नाहीत. तिथे चालतात ते मूळ आकडे, म्हणजे बेस स्टॅट्स. ऑनिक्सचा अटॅक ४५ आहे आणि पिकाचूचा ५५. म्हणजे तो खडकांचा अजगर मुळात पिकाचूपेक्षा कमी जोराने मारतो. एचपी (म्हणजे किती मार सोसेल तो आकडा) दोघांचा सारखाच, ३५. ऑनिक्सचे सारे बळ १६० च्या डिफेन्समध्ये साठलेले आहे. पहिल्या पिढीच्या (सर्वांत आधीच्या संचातल्या) गेममध्ये त्याचा स्पेशल (अंगाला न भिडणाऱ्या मारासाठीचा आकडा) अवघा ३० होता, म्हणजे अंगाला भिडणाऱ्या मारापुढे तो भिंत आणि पाणी किंवा मनोबळाच्या मारापुढे पत्र्याची शेड. वजन मोजणाऱ्या मूव्ह्ज (लढतीतले डाव) थोड्या आहेत, आणि त्यांतल्या काही जड गड्याच्याच मुळावर येतात. ‘लो किक’ची ताकद पहिल्या पिढीत ५० अशी ठरलेली होती. तिसऱ्या पिढीपासून ती समोरच्याच्या वजनावर ठरते आणि २०० किलोंच्या पुढे १२० होते. ऑनिक्सचे २१० किलो त्याला तिथे भोवतात.

आता ज्या लढतीवरून मालिकेला खोटे ठरवले जाते, ती पाहू. मालिकेचा पाचवा भाग, प्यूटर सिटीचे जिम (लढतींचा आखाडा), मालिकेचा नायक ॲश याचा पिकाचू विरुद्ध जिमप्रमुख ब्रॉकचा ऑनिक्स. ठिणग्यांनी आग लागते, छतातले स्प्रिंकलर सुरू होतात, ऑनिक्स भिजतो आणि मग वीज त्याला लागते. गेममध्ये ऑनिक्स रॉक (खडक) आणि ग्राउंड (जमीन) अशा दोन टाइपचा, म्हणजे जातींचा आहे, आणि ग्राउंडवर इलेक्ट्रिकचा परिणाम शून्य. कमी नव्हे, शून्यच.

हे आकड्यांत मांडले की वाद नेमका कुठे आहे ते दिसते. पिकाचू घेऊन सुरू होणारा ‘यलो’ हा गेम १९९८ साली जपानमध्ये आला. त्यात ब्रॉकचा ऑनिक्स लेव्हल १२ चा आहे. त्या पिढीत गेममधल्या प्रतिस्पर्ध्यांच्या पोकेमॉनचे डीव्ही, म्हणजे मूळ आकड्यांत मिळवायचे जन्मजात गुण, ठरलेले असत (अटॅक ९, बाकीचे ८), त्यामुळे हिशेब पक्का निघतो: एचपी ३२, डिफेन्स ४५, स्पेशल १४. आपल्या पिकाचूचेही डीव्ही मध्यम, म्हणजे ८ धरले, तर लेव्हल १२ ला त्याचा अटॅक २० आणि स्पेशल १८ येतो. आता क्विक अटॅक ही नॉर्मल टाइपची मूव्ह मारा. लेव्हलची दुप्पट २४, भागिले ५, अपूर्णांक सोडून ४, अधिक २, म्हणजे ६. त्याला मूव्हच्या ताकदीने (४०) आणि अटॅकने (२०) गुणले की ४८००. भागिले डिफेन्स ४५, म्हणजे १०६. भागिले ५०, म्हणजे २. अधिक २, म्हणजे ४. नॉर्मल मार रॉकवर निम्मा पडतो, राहिले २. शेवटी गेम या आकड्याला साधारण ८५ ते १०० टक्क्यांमधल्या कोणत्यातरी भागाने गुणतो आणि अपूर्णांक टाकून देतो, म्हणून बहुतेक वेळा हाती लागतो १. बत्तीस एचपीला एकेक एचपीने पोखरत बसायचे.

हाच हिशेब थंडरशॉक या विजेच्या मूव्हचा करा, पण तो शून्याचा गुणक क्षणभर बाजूला ठेवून. ६ गुणिले ४० गुणिले १८, भागिले १४, भागिले ५०, अधिक २, म्हणजे ८. स्वतःच्या टाइपची मूव्ह म्हणून दीडपट, १२. रॉकवर वीज जशीच्या तशी लागते. शेवटच्या गुणकानंतर दर वेळी १० ते १२. म्हणजे तीन-चार थंडरशॉकमध्ये ऑनिक्स आडवा! पिकाचूच्या विजेत ऑनिक्सला पाडण्याचे बळ गेमनेच ठेवलेले आहे. ते अडवून धरणारा तो एकच शून्य आहे. मालिकेने पिकाचूची ताकद फुगवली नाही, तिने तो शून्य पुसला. त्यामुळे टीपेत विचारायला हवा होता तो प्रश्न असा, की पाण्याने तो शून्य पुसला जाईल का?

माझ्या मते नाही, आणि कारण आपल्या घराच्या कुंपणाशीच आहे. ग्राउंड टाइपला वीज लागत नाही यामागचा विचार अर्थिंगचा असावा. अर्थिंगच्या खड्ड्यात आपण प्लेटभोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरतो आणि उन्हाळ्यात वरच्या फनेलमधून पाणी ओततो, कारण माती कोरडी पडली की वीज जमिनीत नीट उतरत नाही. पाण्याने अर्थिंग सुधारते. भिजलेल्या ऑनिक्सच्या अंगावरून वीज उलट जास्त सहज जमिनीत निघून जायला हवी. पाण्याने ऑनिक्स कमजोर होतो हे खरे, पाण्याचा मार रॉक आणि ग्राउंड दोन्हींवर दुप्पट म्हणून त्याला चौपट लागतो. पण तो पाण्याचा मार झाला, विजेचा नव्हे. मालिकेने दोन वेगळ्या गोष्टी एकाच शॉटमध्ये मिसळल्या, आणि इथे आपल्या टीपेचे म्हणणे मला मान्य आहे. (२०१० साली आलेल्या पाचव्या पिढीत ‘सोक’ नावाची मूव्ह आहे. ती समोरच्याचा टाइप बदलून निव्वळ वॉटर करते. त्यानंतर ऑनिक्सला वीज दुप्पट लागते. भिजवून वीज लावण्याचा नियमात बसणारा रस्ता हा एवढाच.)

ब्लेन या जिमप्रमुखाच्या शिंगवाल्या रायडॉनविरुद्धची लढतही याच पंक्तीतली. ॲश ओरडतो, शिंगावर नेम धर, आणि ग्राउंड टाइपचा रायडॉन विजेने पडतो. तिसऱ्या पिढीत रायडॉनला जी एक ॲबिलिटी (अंगभूत गुण) मिळाली तिचे नाव ‘लाइटनिंग रॉड’, म्हणजे वीज ओढणारी सळई, आहे. पाचव्या पिढीपासून ती वीज ओढून घेते आणि इजा होऊ देत नाही. शिंग हेच त्याचे संरक्षण आहे.

पण म्हणून मालिकेला सरसकट बाद करणे चूक. व्हर्मिलियन सिटीतली जिमप्रमुख लेफ्टनंट सर्जच्या रायचूशी (पिकाचूचे पुढचे रूप) झालेली लढत पाहा. पहिल्या सामन्यात पिकाचू सपशेल हरतो, आणि तसेच व्हायला हवे: रायचूचा अटॅक ९० विरुद्ध ५५, स्पेशल ९० विरुद्ध ५०, स्पीडसुद्धा १०० विरुद्ध ९०. परतीच्या सामन्यात पिकाचू जिंकतो तो चपळाईवर. कारण असे दिले जाते, की सर्जने आपल्या पिकाचूला मिळताच रायचू केले, त्यामुळे वेगाच्या मूव्ह्ज शिकायच्या राहून गेल्या. हे कारण शब्दशः गेमचे आहे. पहिल्या पिढीत थंडर स्टोन वापरून रायचू केला, की लेव्हल वाढवून तो पुढे एकही मूव्ह शिकत नाही. ‘यलो’मध्ये क्विक अटॅक लेव्हल ११ ला आणि ॲजिलिटी ३३ ला येते, ती पिकाचू असेपर्यंतच. दगड घाईने वापरणारे त्या गेममध्ये इथेच फसतात. ॲजिलिटीने स्पीड दुप्पट होतो, म्हणजे रायचूची दहाची आघाडी एका टर्नमध्ये संपते.

फरक उरतो तो स्पीडच्या अर्थात. गेममध्ये जास्त स्पीड म्हणजे मुख्यतः आधी मारण्याचा मान; त्याने मार चुकत नाही. चुकवण्यासाठी डबल टीमसारखी मूव्ह लावून इव्हेजन वाढवावे लागते, त्यात एक टर्न जातो. मालिकेत ‘चुकव!’ असा हुकूम फुकट मिळतो. मालिकेतली चपळ पोकेमॉन गेमपेक्षा सरस वाटतात, त्याचे मुख्य कारण हे.

ताकदीचा सर्वांत कठीण प्रसंग नोव्हेंबर २०२२ मधला, जेव्हा ॲश जगज्जेता ठरला. शेवटी पिकाचू विरुद्ध आधीचा विजेता लिऑन याचा आग ओकणारा, उडणारा चॅरिझार्ड. मूळ आकड्यांची बेरीज ३२० विरुद्ध ५३४. दोघे लेव्हल ५०, आयव्ही (जन्मजात गुण) ३१, ईव्ही (सरावाचे गुण) शून्य आणि नेचर (स्वभाव) साधा धरला, तर चॅरिझार्ड (स्पीड १००) आधी खेळतो. त्याचा एक फ्लेमथ्रोअर पिकाचूच्या ११० एचपीपैकी ९३ ते १११ खातो. उरलाच तर पिकाचूचा थंडरबोल्ट, फ्लाइंग टाइपमुळे दुप्पट धरूनही, १५३ पैकी ६८ ते ८४ घेतो. पुढच्या टर्नला खेळ संपतो. लाइट बॉल ही वस्तू हातात दिली तर पिकाचूचा स्पेशल अटॅक दुप्पट होऊन मार १३४ ते १६२ वर जातो, म्हणजे एका फटक्यात निकाल लागण्याची आशा तरी असते. त्यामुळे मालिकेचा निकाल मला अशक्य वाटत नाही, फार अवघड वाटतो. तिथे पिकाचू पडता पडता पुन्हा उभा राहतो, आणि हा भाग गेमबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. पण २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून माया लावलेला पोकेमॉन कधी कधी १ एचपीवर तग धरतो, मार चुकवतो, अंगावरचा पॅरालिसिस झटकून टाकतो. खेळाडूंच्या आपसातल्या लिंक लढतींत मात्र हे चालत नाही.

म्हणजे मालिका गेमपासून दूर गेली, तसा गेमही मालिकेकडे सरकत आला. ‘यलो’मध्ये पिकाचू हाती देऊन ऑनिक्ससमोर उभे करायचे तर मुले अडकणार, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी वाटेत उतारे पेरले. रूट २२ या रस्त्यावर मँकी हा पोकेमॉन ठेवला आणि त्याला लेव्हल ९ ला लो किक दिली: लेव्हल १२ चा मँकी त्या ऑनिक्सचे दर वेळी ११ ते १४ घेतो, तिसऱ्या लाथेला काम तमाम. निडोरान या दुसऱ्या पोकेमॉनला आधी लेव्हल ४३ ला मिळणारी डबल किक १२ वर आणली. विरिडियनच्या जंगलातला कॅटरपी रूप बदलून बटरफ्री झाला की लेव्हल १० लाच कन्फ्यूजन ही मनोबळाची मूव्ह शिकतो, आणि ऑनिक्सच्या स्पेशल १४ वर ती तीन-चार वेळांत त्याला पाडते. २०१८ च्या ‘लेट्स गो, पिकाचू’मध्ये तर जोडीदार पिकाचूची बेरीज ४३० केली आणि लेव्हल ९ ला डबल किक खुद्द त्याच्याच पायात दिली. विजेचा शून्य तसाच ठेवला.

तेव्हा पुढच्या वेळी तक्ता छापताना उंची-वजनाचे रकाने काढावेत. त्यांच्या जागी सहा मूळ आकडे, टाइप आणि कोणत्या पिढीतले आकडे ते द्यावे, कारण पिकाचूचा डिफेन्स पाचव्या पिढीपर्यंत ३० आणि सहाव्यापासून ४० आहे. तुलना एकाच लेव्हलवर करावी. मालिकेतल्या लढतींसाठी वेगळा रकाना ठेवून त्यात निकालाऐवजी पडद्यावर दाखवलेले कारण लिहावे: ऑनिक्ससमोर ‘पाणी’, रायडॉनसमोर ‘शिंग’, रायचूसमोर ‘न शिकलेल्या मूव्ह्ज’. यातले कोणते नियमात बसते ते मुले स्वतः तपासतील.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे