वाशिष्ठीचा तळ सोनारने मोजावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये वाशिष्ठी व शिव या नद्यांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. किती गाळ निघाला, हे डंपरच्या फेऱ्यांवरून नव्हे, तर नदीच्या तळावरूनच मोजले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यासाठी सोनार, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून खोली मोजणारे उपकरण, वापरावे; मोठे जहाज लागत नाही. खाडीत चालणाऱ्या साध्या होडीच्या कडेला, इंजिनच्या पंख्याने उठणाऱ्या बुडबुड्यांपासून दूर, उभ्या नळीच्या खालच्या टोकाला सोनारचा संवेदक आणि वरच्या टोकाला अचूक जीपीएस घट्ट बसवला, की खोली व ठिकाण यांची नोंद एकाच वेळी होते. ध्वनी गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो, परंतु तापमान व क्षारतेनुसार हा वेग बदलतो. म्हणून दोरीला बांधलेली लोखंडी पट्टी ठरावीक खोलीवर सोडून उपकरणाचे माप रोज पडताळावे लागते. उथळ जागी मात्र काठी घेऊन पाण्यात उतरण्याला पर्याय नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पाण्याची पातळी. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे पाणी आणि दाभोळ खाडीतून चढणारी भरती यांमुळे ती दिवसभर हलत राहते, आणि काठावरील मोजपट्टीची नोंद दर काही मिनिटांनी घेतली नाही, तर तळाचा सारा नकाशाच चुकतो.

पावसाळ्याआधी व नंतर त्याच छेदरेषांवर, म्हणजे नदीच्या पात्रात आडव्या आखलेल्या ठरावीक रेषांवर, मोजणी करून ते नकाशे नागरिकांसाठी खुले करावेत.

— एक पूरग्रस्त नागरिक, चिपळूण