कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या देवळात आम्हाला नजर देणाऱ्या वाटाड्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

कोपेश्वर महादेवाच्या देवळात येणारा माणूस मधोमध छत उघडं असलेल्या स्वर्गमंडपात मान वर करून फोटो काढतो आणि निघतो. तुम्ही आम्हाला आधी बाहेर नेऊन गजथरापाशी, म्हणजे पायथ्याच्या दगडी हत्तींच्या रांगेपाशी, उकिडवं बसायला लावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अख्ख्या देवळाचा भार पाठीवर घेतलेले ते हत्ती उभ्यानं नीट दिसतच नाहीत. डोळे त्यांच्या पाठीच्या पातळीला आले की झूल आणि पाठीवरच्या मूर्ती एकेक करून उलगडत जातात.

सगळ्यात मोठे उपकार बॅटरीचे. सभामंडपात अंधार असतो, आणि लोक समोरून फ्लॅश मारतात. त्यानं सावल्या पुसल्या जातात, कोरीवकाम सपाट दिसतं. तुम्ही बॅटरी खांबाला जवळजवळ चिकटवून उजेड तिरका सोडलात. त्याबरोबर एकाच खांबाचा चौकोन, अष्टकोन आणि गोल भाग वेगळे झाले. गोल भागावरचे केसाएवढे कंगोरेसुद्धा मोजता आले. काळ्या बेसॉल्टवर इतकं बारीक काम!

शिलालेखाचंही तेच. अक्षरं उठून दिसावीत म्हणून काही जण खडू नाहीतर पीठ चोळतात. ते खाचांत अडकतं, मग खरवडताना अक्षरांच्या कडा झिजतात. देवगिरीच्या सिंघण यादव राजाचा लेख तुम्ही हात न लावता, नुसत्या तिरक्या उजेडात दाखवलात. मूर्तींना तेल लावणाऱ्यांनाही तुम्ही हात जोडून थांबवता. तेलावर धूळ बसते, थर चढत जातात आणि बोटं, दागिने बुजतात.

स्वर्गमंडपाचं तुमचं गणित आमच्या कायमचं लक्षात राहील. ४८ खांब, त्यातले १२ आतल्या वर्तुळात, वर साधारण १३ फुटांचं मोकळं आभाळ आणि खाली जवळपास तेवढीच गोल शिळा. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा उन्हाचं वर्तुळ त्या शिळेवर बसतं. थंडीत तेच उत्तरेकडच्या खांबांकडे सरकतं. पावसाळ्यात मात्र शिळा निसरडी, वर बघत चालायचं नाही, हेही तुम्हीच बजावलंत.

आणखी एक. देवासमोर नंदी का नाही, ही सतीच्या माहेरची कथा तुम्ही रंगवून सांगितलीत, गाभाऱ्यातल्या कोपेश्वर-धोपेश्वर या दोन लिंगांचीही सांगितलीत. पण कथा कुठली आणि शिलाहार राजांच्या काळातल्या बांधणीचा पुरावा कुठला, यात गल्लत होऊ दिली नाहीत. वाटाड्यानं असंच सांगावं असं आम्हाला फार वाटतं.

आमच्याकडून जो कुणी खिद्रापूरला येईल, तो बॅटरी घेऊन, हातात दोन तास ठेवून आणि सकाळी लवकर येईल. देवळाचं तोंड पूर्वेला, त्यामुळे पुढचं काम कोवळ्या उन्हातच पाहायचं, असं त्याला आधीच सांगून ठेवू.

तुमचे ऋणी,
देवळं बघत फिरणारी आम्ही मंडळी