लेकीच्या घरी का नाही?

घणसोली, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "लेकीकडे चार दिवस ठीक, कायमचं राहणं शोभत नाही." मी गप्प बसले. पण ते शब्द डोक्यातून जाईनात, म्हणून लिहितेय.

पाहणीच्या कामासाठी सहा वर्षं मी खेड्यापाड्यांतून फिरतेय. आमच्या फॉर्मवर कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. जव्हारकडच्या वारली पाड्यावर लग्न झालेला मुलगा शेजारीच वेगळं झोपडं बांधतो. अंगण एक, चुली तीन. मी तीन कुटुंबं लिहिते, तर म्हातारी आजी म्हणते, एकच लिही, सगळी माझीच आहेत. तिच्या लेकीचा नवरा तिथेच राहून शेत कसतो. घरजावई म्हणून त्याला कुणी हिणवत नाही. हुंडा नाहीच, उलट मुलाकडचेच मुलीच्या बापाला देज देतात. पैसे जमले नाहीत तर जोडपं आधी नांदू लागतं. लग्न मागाहून, कधीकधी मुलं झाल्यावरसुद्धा. तुम्हाला विचित्र वाटेल. पहिल्या वर्षी मलाही वाटलं होतं.

भिवंडीकडच्या कोकणी मुसलमानांची घरं मात्र थेट आपल्या वाड्यासारखी. मुलगे आखातात, सुना-नातवंडं सासू-सासऱ्यांपाशी, चूल एक. लेकीकडे राहायला तिथले म्हातारेही कचरतात. पण त्यांच्या वारसा कायद्यात लेकरू आधी गेलं, तर त्याच्या मिळकतीत आई आणि बाप दोघांचा वाटा ठरलेला असतो. लग्न झालेल्या लेकीच्याही. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर, विवाहितेच्या कमाईवर आधी नवरा आणि मुलं, ती नसतील तर नवऱ्याचे वारस, आणि त्यानंतर तिचे आई-वडील. हे कळल्यावर मी मृत्युपत्र केलं आणि तुम्हा दोघांची नावं घातली. आई, रागावू नकोस, अभद्र बोलत नाहीये.

इथली माझी आगरी शेजारीण, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी भावाला हक्कसोडपत्र देऊन आली. वाड्याच्या वेळी मीही दिलं होतं. माहेर तुटू नये म्हणून आपण सह्या करतो, त्याचं मला दुःख नाही. पण मी जमिनीवरचा हक्क सोडला, तुमच्यावरचा नाही.

कल्याणच्या एका डॉक्टर बाईंकडे त्यांच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. लग्न झालेल्या मुलीनेही आई-वडिलांना सांभाळलं पाहिजे, असा निकाल १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या वडिलांना कोर्टाची पायरी चढावी लागली. तुम्हाला फक्त हो म्हणायचंय.

दादाशी बोलले आहे. ह्यांनी मागच्या खोलीत खाट लावली, आईच्या गुडघ्यांसाठी उंच. लिफ्ट चालू असते. दसऱ्यानंतर गाडी घेऊन येते. बाबा, रेडिओ बांधून ठेवा. आणि आई, तुझा पाटा-वरवंटा राहू दे म्हणू नकोस, तोही आणायचाय.

तुमची,
माई